संजूची कावीळ

खैरनारसाहेबांनी फॅक्सचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि वर पेपरवेट ठेवलं, जणू तो उडून कोरियाला परत जाणार होता.

"गर्गे, हाई काय शे?"

साहेब आमचे जनरल मॅनेजर. मूळचे सटाण्याचे. शांत असले की छापील मराठी बोलायचे, बिनसलं की अहिराणीत शिरायचे.

"कोरियन लिपी दिसते, साहेब."

"ते मलाही दिसतंय. पोराला मिलिटरीचं बोलावणं आलंय. मेडिकलला हजर व्हा म्हणताहेत, आणि तारीख आपल्या फायनलच्या आधीची. आपण त्याला साइन कशाला केलं? पाहुणचाराला?"

"नाही, साहेब."

"मग बघा काहीतरी. पर्सोनेल ऑफिसर आहात ना?"

होतो. अंबडच्या एका कारखान्यात. पुढे त्याच खुर्चीला एचआर म्हणायला लागले, पण काम तेच राहिलं. माणसं घ्यायची, रजा द्यायची, रजा नाकारायची आणि कॅन्टीनच्या डाळीबद्दल ऐकून घ्यायचं. कंपनीचा एक फुटबॉल क्लब होता, त्याचं सेक्रेटरीपदही माझ्याकडेच होतं. मी आयुष्यात फुटबॉलला लाथ मारलेली नाही. एकदा चुकून बसली होती, तेव्हा मी सॉरी म्हणालो होतो, असं पोरं अजून सांगतात. ते खरं आहे.

जपान-कोरियातला वर्ल्ड कप झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. जिल्ह्याच्या कपमध्ये आमची टीम फायनलपर्यंत जायची आणि देवळालीच्या लष्करी टीमकडून हरून यायची. हे इतक्या नियमाने चालायचं की कॅन्टीनवाला फायनलच्या दिवशी जेवणात गोड ठेवतच नसे.

त्या वर्षी आमच्याकडे नवीन प्रेस लाइन बसवायला बेक नावाचे कोरियन इंजिनिअर आले होते. त्यांच्याबरोबर त्यांचा भाचा आला. किम सुंग-जिन. कॉलेजच्या टीममध्ये खेळलेला, विशीतला, सडपातळ पोरगा. पहिल्याच संध्याकाळी तो मैदानाकडेला स्लिपर घालून उभा होता. बॉल त्याच्याकडे गेला. त्याने स्लिपर काढली आणि बॉल जिथून आला होता तिथे, बरोबर त्याच माणसाच्या पायात, परत पाठवला. आमचे कोच सुभेदार बोरस्ते तोफखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली आणि मला म्हणाले, "गर्गेसाहेब, याला जाऊ देऊ नका."

पुढे जे झालं त्यात या वाक्याचा हात आहे. पण दोष बोरस्त्यांचा नाही.

साइन करणं म्हणजे काय, ते सांगतो. पेपरात सही करतानाचा हसरा फोटो येतो तसलं काही नसतं. परदेशी खेळाडू घ्यायचा तर त्याच्या देशाच्या संघटनेकडून ट्रान्सफर सर्टिफिकेट लागतं. शाळा सोडल्याचा दाखला असतो ना, तसंच. हा आता आमचा नाही, तुम्ही घेऊ शकता. त्याखेरीज जिल्हा संघटनेचा फॉर्म, आणि परदेशी नागरिक म्हणून पोलिसांकडे नोंद. जिल्हा संघटनेचे सचिव मनमाडला रेल्वेत होते. त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "जन्मगाव कोरिया, तालुका रिकामा ठेवलाय. चालेल का?" मी म्हटलं, चालवून घ्या. त्यांनी चालवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पोरांनी सुंग-जिनचा संजू केला. त्यालाही ते आवडलं असावं, कारण हाक मारली की तो कमरेत वाकून नमस्कार करायचा. मला तर दिवसातून जितक्या वेळा भेटेल तितक्या वेळा. मीही वाकायचो. आमची ओळख वाढली ती बरीचशी वाकण्यातून. इंग्रजी त्याचं अगदी थोडं होतं, आणि माझं ऑफिसचं. रविवारी तो इंदिरानगरला आमच्याकडे जेवायला यायचा. आमच्या हिच्या हातचा मिरचीचा ठेचा आपण लोणचं खातो तसा नाही, भाजी खातो तसा खायचा.

तर तो फॅक्स. संजूने स्वतःच तो साहेबांना नेऊन दिला होता. बेकसाहेब तेव्हा दुसऱ्या एका कामावर चेन्नईला गेले होते. मी गाठलं तेव्हा मलाही संजू एवढंच म्हणाला, "आर्मी. मेडिकल. मस्ट गो. फायनल, नो." आणि मान खाली घातली.

त्या खाली घातलेल्या मानेचा मी अर्थ लावला. बिचाऱ्याला मिलिटरीत जायचं नाही.

दुपारी कॅन्टीनमध्ये क्लबच्या कमिटीची मीटिंग घेतली. खैरनारसाहेब, बोरस्ते, खेळाडूंतर्फे गोलकीपर सोमा गावित, आणि मी. संजूही होता. तो कोपऱ्यात चहा पीत बसला होता आणि आपलं नाव आलं की हसत होता. मीटिंग मराठीत चालली होती.

मी माहिती दिली. कोरियात प्रत्येक धडधाकट पुरुषाला काही काळ सैन्यात काढावाच लागतो. बोलावणं आलं की जायचं. टाळलं तर तो गुन्हा आहे.

सोमा ऐकत राहिला. तो सुरगाण्याकडचा. आमच्याकडे टेंपररी होता आणि दरवर्षी न चुकता आर्मी भरतीला जाऊन नापास होऊन यायचा. धावण्यात पहिला यायचा, छातीवर अडायचा.

"म्हणजे सर, तिथं बोलवून नेतात?"

"हो."

"छाती न मोजता?"

"मोजत असतील. पण नेतातच."

"मग त्याच्या जागी मला पाठवा ना. इथं छाती फुगवून दाखव म्हणतात. मी फुगवतो. टेपच सरकत नाय."

बोरस्ते म्हणाले, "मुल्क बुलाता है तो जाना पडता है. माझं मत लिहून घ्या, गर्गेसाहेब." मी लिहून घेतलं.

खैरनारसाहेबांना एकदम आठवलं. वर्ल्ड कपमध्ये कोरियाची टीम पुढे गेली म्हणून त्यांच्या खेळाडूंना मिलिटरीतून सूट मिळाली, असं पेपरात आलं होतं. "मग आपण जिल्ह्याचा कप जिंकला तर?" त्यांनी विचारलं. कुणी हसलं नाही, कारण साहेब गंभीर होते. मी म्हटलं, चौकशी करतो. जनरल मॅनेजरने काहीही विचारलं तरी पर्सोनेल ऑफिसरने हेच म्हणायचं असतं.

मग मी सुचवलं, "मेडिकल लावू या."

हे मीच सुचवलं. इथे थोडं थांबून मेडिकल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते आजारपण वाटेल. आमच्या धंद्यात मेडिकल ही एक रजा आहे. पाहिजे तेव्हा रजा मिळत नाही, म्हणून माणसं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणतात. ते खरं नाही हे आणणाऱ्याला माहीत असतं, देणाऱ्याला माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. घेणारा मी. कांदा काढणीच्या दिवसांत चांदवडकडच्या सगळ्या कामगारांची कंबर धरायची. लग्नसराईत टायफॉइड असायचा. पण सगळ्यात भरवशाची कावीळ. ताप दाखवावा लागत नाही, लंगडावं लागत नाही, आणि विश्रांती भरपूर. आमचे पॅनेलवरचे डॉक्टर कावीळ इतक्या सढळ हाताने देत की शॉपमध्ये कामगार त्यांना पिवळे डॉक्टर म्हणत.

डॉक्टरांनी नाव विचारलं, वय विचारलं आणि कावीळ लिहिली. पेशंट बाहेर स्कूटरवर बसला होता. सर्टिफिकेटवर त्याची सही लागत होती. त्याने कागदाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "सर, धिस?"

मी म्हटलं, "लीव्ह. रूटीन."

तो वाकला आणि त्याने सही केली.

फॅक्सच्या वरच्या कोपऱ्यात त्यांच्या भरती कार्यालयाचा नंबर होता. मी तत्पर माणूस. सर्टिफिकेट सरळ तिथेच पाठवलं. चार दिवसांत इंग्रजीत उत्तर आलं. मेडिकल पुढे ढकलण्यात येत आहे. संजूला मी एवढंच सांगितलं, "मेडिकल, लेटर," आणि तो वाकला. खैरनारसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नोकरीत तशी थाप मला फारशी मिळालेली नाही. मला ती आवडली, हेही सांगून टाकतो.

कावीळ मात्र कागदावर राहिली नाही. कॅन्टीनवाल्याने संजूचं तेलातुपाचं बंद करून त्याला उकडलेलं द्यायला सुरुवात केली. शॉपमधली मंडळी उसाचा रस आणून पाजायला लागली. संजूला वाटलं, फायनलसाठी हे टीमचं डाएट आहे. तो निमूटपणे सगळं संपवायचा. घरी ही म्हणाली, "कावीळ? अहो, परवा त्याने चार भाकरी खाल्ल्या. असली कावीळ मला द्या एकदा."

सोमाने गावाकडून माळ आणली. आमच्याकडे काविळीवर जडीबुटीची माळ देतात. ती डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरली की माळ वाढत वाढत गळ्यात येते, असं म्हणतात.

मी म्हटलं, "सोमा, तुला तर माहीत आहे ना?"

"मला माहीत हाय, सर. आईला कसं सांगू? तिनं वैदूकडं उपास करून आणलीय. खोटी कावीळ म्हणजे काय, ते तिला कळत नाय."

संजूला ती विजयाची माळ वाटली. ती डोक्यावर घालून तो सेमीफायनल खेळला आणि दोन गोल केले. त्यानंतर काढायलाच तयार होईना.

सेमीफायनलनंतर दोन दिवसांनी बेकसाहेब मैदानावर आले. ते चेन्नईहून मुंबईला उतरून टॅक्सीने थेट तिथेच आले होते, बॅग हातात होती. समोर त्यांचा भाचा डोक्यावर मुळ्यांची माळ घालून चकरा मारत होता. ते बघत उभे राहिले. मग माझ्याकडे आले.

"मिस्टर गर्गे, त्याला किती दिवस झाले आहेत?"

"कशाला?"

"लिव्हरचा आजार आहे ना त्याला?"

मी म्हटलं, "नाही नाही, तसं काही नाही. ते फक्त मेडिकल आहे."

त्यांनी बॅग खाली ठेवली. पुढचं संभाषण इंग्रजीत झालं. त्यातला त्यांचा भाग मला जवळजवळ पाठ आहे.

भरती कार्यालयाने संजूच्या घरी फोन करून कळवलं होतं की तुमच्या मुलाला भारतात कावीळ झाली आहे. आईने रडत रडत बेकसाहेबांना चेन्नईला फोन केला होता. संजू दर रविवारी एसटीडी बूथवरून घरी फोन करायचा. आईने विचारलं, बरा आहेस ना? तो म्हणाला, मजेत आहे, रोज उसाचा रस पितो. आईला वाटलं, पोरगा लपवतोय.

"पण त्याला मिलिटरीत जायचं नाही, म्हणून आम्ही…"

"कोण म्हणालं?"

मी संजूच्या मानेबद्दल सांगितलं. बेकसाहेबांनी त्याला हाक मारली आणि त्यांच्या भाषेत काही विचारलं. तो सावधान उभा राहून उत्तर देत होता. आधी तो मामाकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग त्याने डोक्यावरची माळ काढून हातात घेतली.

"तुमची फायनल चुकणार, म्हणून त्याला वाईट वाटत होतं," बेकसाहेब म्हणाले. "मिलिटरीत त्याला जायचंच आहे. आमच्या सैन्याची एक फुटबॉल टीम आहे. देशाच्या लीगमध्ये खेळते. त्या टीममध्ये निवड झाली तर सैन्यातली सगळी वर्षं फुटबॉल खेळता येतो. नाही झाली तर बंदूक घेऊन थंडीत उभं राहायचं, आणि बाहेर येईपर्यंत खेळाडू संपलेला असतो. निवड चाचणीची ही त्याची शेवटची संधी आहे. जो मेडिकलमध्ये पास होतो, त्यालाच चाचणीला बोलावतात. ते मेडिकल हेच होतं."

"मग तो आम्हाला बोलला का नाही?"

"तुम्ही विचारलं होतं?"

नव्हतं. मीटिंग घेतली होती, चौघांची मतं लिहून घेतली होती. ज्याच्याबद्दल मीटिंग होती तो तिथेच चहा पीत बसला होता. सही करतानाही त्याने विचारलं होतं, आणि मी रूटीन म्हणालो होतो. वडीलधाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा विचारायचं नाही, अशी त्यांची रीत आहे. आपलीही आहे.

"आमच्याकडे लिव्हरचा आजार ही गंमत नाही," बेकसाहेब पुढे म्हणाले. "एकदा कागदावर आला की माणूस खालच्या दर्जात जातो. चाचणी नाही, टीम नाही."

मी स्कूटर काढली आणि डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दिलेली कावीळ मला परत घेता येत नाही, गर्गे. फार तर बरी करता येईल. लवकर बरी झाली असं लिहून देतो."

"बरी नको, डॉक्टर. झालीच नव्हती असं हवंय."

"म्हणजे मी खोटं लिहिलं असं लिहू?"

"मी लिहायला लावलं, असं मी लिहितो."

"माझं नाव?"

"ते सर्टिफिकेटवर आहेच."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग कंपाउंडरला म्हणाले, पुढचा पेशंट. त्या दिवसापासून ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांच्या बाजूने पाहिलं तर बरोबर आहे.

कॉलेज रोडच्या लॅबमध्ये संजूचं रक्त तपासलं. लिव्हर ठणठणीत निघालं. उसाच्या रसाने आणखीच चांगलं झालं असावं. पण नुसत्या रिपोर्टने भागणार नव्हतं. आधीचं सर्टिफिकेट कुठून आलं, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

खैरनारसाहेबांकडे गेलो. ते छापील मराठीत बोलले, म्हणजे विचार करून बोलले. "कंपनीच्या लेटरहेडवर नाही. कंपनी त्या सर्टिफिकेटला जबाबदार नाही. आणि फायनलचं काय?"

"फायनल त्याच्याशिवाय खेळू, साहेब. त्याला उद्याच निघावं लागेल. स्वतः हजर राहून सांगितलं तर मेडिकल आणि चाचणी, दोन्ही अजून सापडण्यासारखी आहेत."

"हरू."

"हरतोच, साहेब."

"जाऊ द्या पोराला," ते म्हणाले. "आणि त्याच्या आईला कुणीतरी फोन करा रे."

मी कोऱ्या कागदावर स्वतःच्या नावाने लिहिलं. सर्टिफिकेट मी मिळवलं, खेळाडूला आजार नव्हता, त्याला काही कल्पना नव्हती, आम्हाला तो फायनलसाठी हवा होता. लिहायला लागलो आणि थांबता येईना. आमच्याकडे मेडिकल कसं चालतं ते लिहिलं. विचारलं नाही ते लिहिलं, रूटीन म्हणालो ते लिहिलं. पाठीवरच्या थापेबद्दलही लिहिलं. आईची माफी मागितली, भरती अधिकाऱ्याची मागितली, कोरिया सरकारची मागितली. चार पानं झाली.

बेकसाहेबांनी चारही पानं नीट वाचली आणि त्यांचं कोरियन भाषांतर करून माझ्यापुढे ठेवलं. ते पाच ओळींचं होतं.

"बाकीचं?" मी विचारलं.

त्यांनी माझी पानं घडी करून मला परत दिली. "हे अधिकाऱ्याला नको आहे," ते म्हणाले. "हे तुम्ही ठेवा."

संजू निघाला तेव्हा सगळी टीम गेटवर होती. बोरस्त्यांनी त्याला सॅल्यूट कसा करायचा ते शेवटचं दाखवलं आणि कोपर खाली आहे म्हणून रागावले. सोमा म्हणाला, "संज्या, आतमध्ये जागा असली तर सांग." मी संजूला मोडक्यातोडक्या इंग्रजीत माळ कशाची होती ते सांगितलं. त्याने ती बराच वेळ न्याहाळली आणि पिशवीत ठेवली. मग तो वाकला. मी जास्त वाकलो. गाडी सुटेपर्यंत मी सरळ झालो नव्हतो, असं सोमा सांगतो.

फायनल आम्ही हरलो. सोमाने इतके गोल अडवले की सामना संपल्यावर देवळालीच्या कोचने त्याला बोलावून स्पोर्ट्स कोट्यातून भरतीला ये म्हणून सांगितलं. तो गेला. तिथेही टेप होती. पुढे तो आमच्याकडेच पर्मनंट झाला. आता डिस्पॅचला आहे.

संजूचं कळायला वेळ लागला. भरती कार्यालयाने पाच ओळी आणि लॅबचा रिपोर्ट मान्य केला. पुन्हा तपासणी करून त्याला पास केलं आणि चाचणीला बोलावलं. चाचणीत मात्र निवड झाली नाही. मी बेकसाहेबांना विचारलं, वाया गेलेल्या दिवसांमुळे का? ते म्हणाले, "नाही. दुसरा मुलगा जास्त चांगला होता." ते खोटं बोलणारे नाहीत. तरीही मी त्यांना आणखी दोनदा विचारलं.

तो साधा सैनिक झाला. वर्षभराने युनिफॉर्ममधला एक फोटो आला. मागे बर्फ होतं आणि बर्फात तोफ. त्याला तोफखाना मिळाला होता. बोरस्त्यांनी फोटो फ्रेम करून क्लबच्या खोलीत लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमच्या क्लबचा आहे, तोफखान्यात आहे, कोपर अजून खाली आहे. फोटोच्या मागे इंग्रजीत एक ओळ होती: "गर्गे सर, कावीळ बरी झाली."

ती चार पानं माझ्याकडे आहेत. बेकसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे ठेवली आहेत.

कामात एकच बदल केला. कुणी सर्टिफिकेट घेऊन आलं की मी ते न उघडता बाजूला ठेवायचो आणि विचारायचो, "खरं काम काय आहे?" सुरुवातीला माणसं घाबरली. मग सांगायला लागली: बहिणीचं लग्न, कांद्याची काढणी, बायको माहेरी जाऊन बसलीय. मी रजा द्यायचो. खैरनारसाहेबांनी वर्षअखेरीला आकडे पाहिले आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"गर्गे, आपल्याकडची कावीळ गेली, हे चांगलं झालं," ते म्हणाले. "पण एवढ्या लोकांना इतक्या बहिणी कुठून आल्या?"

मी म्हटलं, चौकशी करतो.